सहा देशांची पट्टी

कुवेत, १२ सप्टेंबर २०२४

चि. अरुणास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं-माझं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून हे पत्र टाइप करून ईमेलला जोडतो आहे. सोबत आपल्या मराठी परिषदेचं परिपत्रक आहे. अध्यक्ष म्हणून सही माझी आहे आणि मसुदाही पहिल्या ओळीपासून माझाच आहे, हे अभिमानाने सांगतो.

आखातातल्या सहा देशांत आपली एकोणीस मंडळं परिषदेत आहेत. प्रत्येक मंडळ आपापला गणपती बसवतं, दिवाळी पहाट करतं, आणि एखादा माणूस गेला की मात्र शेजारच्याकडे बघतं. गेल्या वर्षी नांदेडचा एक वेल्डर वारला. काम एका देशात, कंपनी दुसऱ्या देशातली. दोन्हीकडची मंडळं म्हणत राहिली, ‘हा त्यांचा.’ बावीस दिवस त्याचा देह शवागारात पडून होता. त्याच्या बायकोचा रोज मला फोन यायचा. तेव्हाच मी ठरवलं, या सहा देशांच्या वर आपली एक तिजोरी हवी आणि तिच्यात प्रत्येकाने भर घातलीच पाहिजे.

म्हणून हा सहाय निधी. तुमच्याकडच्या चलनात सांगायचं तर कुटुंबामागे वर्षाला सहा दिनार आणि लेबर कॅम्पवर एकट्या राहणाऱ्या कामगारामागे दोन. ऐच्छिक नाही. एक नोव्हेंबरपासून सक्तीचं.

तुला माहीत आहे, नव्वद साली इराकी फौजा इथे शिरल्या तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. कुवेतहून बगदाद, बगदादहून अम्मान, आणि अम्मानच्या बाहेर तंबूत अकरा दिवस. विमान सरकारने पाठवलं, त्याचे उपकार आहेतच. पण त्या अकरा दिवसांत पाण्यासाठी रांगेत उभं राहताना मी एक शिकलो: संकट आल्यावर वर्गणीचा डबा फिरवायचा नसतो. तो आधीच भरलेला असावा लागतो.

बहरीनच्या स्नेहसंघाची खजिनदार तू आहेस. नावांची यादी ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठव. तुझ्याकडून पहिली आली तर मला बरं वाटेल.

तुझा,
गुरुप्रसादमामा


झिंज, मनामा, २० सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

परिपत्रक दोनदा वाचलं. निधीची गरज मला शंभर टक्के पटते. यादी मात्र पाठवणार नाही, आणि का ते नीट लिहिते.

मी इथल्या सीफ भागातल्या ऑफिसात दिवसभर व्हॅटचंच काम करते. आमच्याकडे २०१९ मध्ये तो पाच टक्के आला, २०२२ मध्ये दहा झाला. त्याच्या मुळाशी सहा देशांचा एक करार आहे. पण करार झाला म्हणून सहा देशांत दुसऱ्या दिवशी कर लागला नाही. ज्या त्या देशाने आपला कायदा केला, आपली तारीख ठरवली. तुमच्या कुवेतमध्ये तर तो अजून आलेलाच नाही. सहा सरकारांना एकत्र येऊन जे करता आलं नाही, ते तुम्ही एका परिपत्रकाने करायला निघालात.

आणि याला वर्गणी म्हणू नका. वर्गणी देणाऱ्याच्या मनावर असते. ही पट्टी आहे, घरपट्टी-पाणीपट्टीसारखी. गावची ग्रामपंचायतसुद्धा पट्टी लावते ती निवडून आल्यावर. परिषदेला कुणी निवडलं? एकोणीस मंडळांचे एकोणीस अध्यक्ष, ते आपल्यातूनच कार्यकारिणी नेमतात, ती तुम्हाला नेमते. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या शिवांगीला परिषद आहे हेही माहीत नाही. आणि कॅम्पवरच्या माणसांना तर आमच्या स्नेहसंघाचं सभासदत्वच नाही, कारण नियमात ‘कुटुंब’ हा शब्द आहे. म्हणजे ज्याला मत नाही त्याच्याकडून दोन दिनार घ्यायचे. शिवाय इथे असे पैसे गोळा करायला परवानगी लागते. आम्ही फक्त सभासदांकडून शुल्क घेऊ शकतो.

आमची लेक निधी जेवताना ऐकत होती. ती सोळा वर्षांची झाली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच. तिने विचारलं, ‘बट हू इलेक्टेड मामाआजोबा?’ म्हटलं, याचं उत्तर त्यांच्याकडेच मागते. तुम्हीच द्या.

अरुणा


कुवेत, २९ सप्टेंबर २०२४

चि. अरुणास आशीर्वाद.

निधीला सांग, मामाआजोबाला कुणीच निवडलं नाही. कामाने निवडलं. बारा वर्षं परिषदेचा पत्रव्यवहार, दूतावासांच्या खेपा, विमानतळांवरचे कार्गोचे कागद हे मी केलं, तेव्हा मतपेटी घेऊन कुणी आलं नव्हतं.

तू दुकानात पाण्याची बाटली घेतेस त्यावर दहा टक्के देतेस ना? ते ठरवताना तुला कुणी विचारलं होतं? नाही. आणि तू निमूटपणे देतेस, इतरांकडून भरूनही घेतेस, त्याचा पगार घेतेस. मग सख्ख्या मामाच्या सहा दिनारांनी एवढा चटका का बसावा?

लोकांना विचारायला माझी ना नाही, पण एक मला सांग. ‘तुमच्यावर पट्टी लावू का?’ असं विचारल्यावर आजवर कोण ‘लावा’ म्हणालं आहे? विचारत बसलो तर पुढचा वेल्डर चाळीस दिवस पडून राहील.

परिपत्रकातला आठवा नियम पुन्हा वाच: ज्या मंडळाची यादी येणार नाही त्याच्या माणसांना निधीतून मदत मिळणार नाही. तो सर्वांना लागू आहे. भाचीलाही.

मामा


झिंज, ६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांस नमस्कार.

दहा टक्क्यांचं उत्तर सोपं आहे. हा देश त्यांचा आहे. मी इथे व्हिसावर आले, पाहुणी म्हणून आले, घराचे नियम माहीत असताना आले. त्या बदल्यात मला काम मिळतं, रस्ते मिळतात, रात्री उशिरा एकटी गाडी चालवत रिफाहून येऊ शकते. माझी तक्रार नाही. पण परिषद त्यांची नाही, आपली आहे. आपल्याच घरात मी पाहुणी का म्हणून राहू?

काल स्नेहसंघाच्या कार्यकारिणीत ठराव आला: मतदान झाल्याशिवाय पट्टी भरायची नाही. नऊपैकी सात बाजूने. ठरावाची प्रत जोडली आहे.

आठव्या नियमाची आम्हाला कल्पना आहे.

अरुणा


झिंज, २१ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

दीड महिना आपण बोललो नाही. आज लिहिते ते आभार मानायला.

जयेश नावाचा एसी टेक्निशियन होता, डहाणूजवळच्या गावचा, चौतीस वर्षांचा. वर्क परमिट स्वतःच्याच नावावर, त्यामुळे मागे कंपनी नाही. चार तारखेला रिफातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर काम करता करता छातीत दुखायला लागलं आणि खाली उतरेपर्यंत संपलं.

आम्हाला कळवलं कॅरोलिनने. कॅरोलिन मच्याडो, मूळची वसईची. एका खाजगी हॉस्पिटलात बिलिंगला आहे. गेली नऊ वर्षं ही बाई कुणाची कोण, पण आपला माणूस गेला की त्याचे कागद करते. सुट्टी टाकून करते. कुठल्या खिडकीवर कोणता कागद आधी लागतो हे तिला पाठ आहे. स्नेहसंघाची ती सभासद नाही. आम्ही तिला कधी बोलावलंच नाही, हे मला या वेळी कळलं आणि लाज वाटली.

कागद चार दिवसांत झाले. प्रश्न खर्चाचा होता. शवपेटी, विमान, पुढे मुंबईहून ॲम्ब्युलन्स, मिळून सहाशे चाळीस दिनार. मी तुम्हाला फोन केला नाही. ठराव आम्हीच केला होता, मग कोणत्या तोंडाने करणार? आम्ही आपापसांत तीनशे दहा जमवले. सलमाबादच्या लेबर कॅम्पवरून गनीभाईंनी नव्वद आणले. गनीभाई श्रीवर्धनचे, क्रेन ऑपरेटर, त्या कॅम्पवर त्यांचा शब्द चालतो. तरी दोनशे चाळीस कमी होते. आणि नवव्या दिवशी कार्गो एजंट, जो तुम्हालाही ओळखतो, कॅरोलिनला म्हणाला, उरलेले कुवेतहून भरले गेले.

जयेश घरी पोचला. त्याच्या भावाचा मेसेज आला.

तुम्ही आमच्यासाठी आठवा नियम वाकवलात. तुमच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, मला कळतं. मनापासून आभार.

अरुणा


कुवेत, २४ नोव्हेंबर २०२४

चि. अरुणास आशीर्वाद.

नियम वाकवलेला नाही. निधीतून दिनार सोडच, एक फिल्सही दिलेला नाही. ते पैसे माझ्या खात्यातले होते. कुठे बोलू नकोस.

मामा


झिंज, ३० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांस नमस्कार.

तुमचं तीन ओळींचं पत्र दोनदा वाचलं. मग चिडले. रागावू नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मामा, तुम्ही भला माणूस आहात आणि तीच आपली अडचण आहे. काल शुक्रवारी गनीभाईंना भेटायला सलमाबादला गेले होते. त्यांनी विचारलं, ‘त्ये दोनशे चाळीस कुनी दिले?’ तुम्ही सांगितलंय म्हणून मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, एका गृहस्थाने. ते म्हणाले, ‘अल्ला त्यांचं भलं करो. पन ताई, पुढच्या टायमाला कोन गेला तर त्याच गृहस्थाच्या दारात जायाचं काय? त्यांना द्यायाचं नसलं तर? तेच नसले तर?’

तुम्ही दिलं ते दान होतं. दान घेणारा वाकतो. तुम्ही कायदाही स्वतः केलात, शिक्षाही स्वतः ठरवलीत आणि दयाही स्वतःच दाखवलीत. चांगला राजा असाच असतो. पण मला राजा नको आहे. नव्वद साली अम्मानमध्ये तुम्हाला विमानात बसवलं ते उपकार म्हणून की हक्क म्हणून? तुमच्या पासपोर्टवर देशाचा शिक्का होता, म्हणून. मग जयेशला दया कशासाठी?

त्याच्याकडून पट्टी घ्या. जरूर घ्या. पण आधी त्याला सभासद करा, मत द्या, मग घ्या. म्हणजे मेल्यावर त्याला कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत.

मी फार बोलले असेन. पण यातला एकही शब्द मागे घेत नाही.

अरुणा


कुवेत, १९ जानेवारी २०२५

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

सात आठवडे उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, पहिले तीन आठवडे नुसता राग होता. तुझ्या आईला फोन करून तुझी तक्रारही केली. ती म्हणाली, ‘गुरू, ती तुझ्यासारखीच आहे, फक्त तिचं बरोबर आहे.’ मोठी बहीण असली की असं बोलता येतं.

मग डिसेंबरात, तुला खोटं पाडायचं म्हणून, परिषदेची जुनी इतिवृत्तं काढली. निधीचा ठराव ज्या बैठकीत झाला तिला किती लोक होते माहीत आहे? अकरा. त्यातले चार जण चहाच्या आधी निघून गेले होते. मस्कत आणि दोहाची मतं माझ्याकडे लिहून दिलेली होती, म्हणजे मी एकटाच तीन माणसं होतो. सहा देशांतल्या हजारो घरांवर पट्टी बसवली ती सात खुर्च्यांनी, आणि त्यातही तीन मतं एकाच खुर्चीवर. कागद खाली ठेवला आणि तुझ्या लेकीचा प्रश्न आठवला.

कार्यकारिणीपुढे मी नवा ठराव ठेवला आणि तो मंजूर करून घेतला. एक, जो पट्टी भरेल तो सभासद, आणि जो सभासद त्याला एक मत. कुटुंबवाला असो नाहीतर कॅम्पवरचा. प्रत्येक मंडळाने आपल्या नियमातला ‘कुटुंब’ शब्द काढायचा. दोन, पट्टी लावायची की नाही यावर, अजून काही भरलं नसलं तरी, सगळ्यांचं मत घ्यायचं. एकूण मतांत बहुमत हवं आणि सहापैकी किमान चार देशांतही हवं, म्हणजे मोठ्या मंडळांनी छोट्यांना गिळलं असं होणार नाही. दोहावाल्यांनी हा मुद्दा काढला आणि तो चांगला होता. तीन, निधीचा अध्यक्षही त्याच मतदानात निवडायचा. मी उभा राहतो आहे.

माझी भीती मात्र तशीच आहे. लोक स्वतःवर पट्टी लावून घेत नाहीत, अरुणा. आपण हरलो तर निधी संपला, कायमचा. तू म्हणतेस म्हणून हा धोका पत्करतो आहे असं समजू नकोस. इतिवृत्तात मला माझंच नाव तीनदा दिसलं, म्हणून पत्करतो आहे.

७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मी बहरीनला येतो. मला सलमाबादच्या कॅम्पवर जायचं आहे. मी स्वतः विचारणार आहे.

मामा


झिंज, २३ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस नमस्कार.

या. विमानतळावर मी घ्यायला येईन. पण कॅम्पवर मी येणार नाही. भाचीने सभा जुळवली असं कुणी म्हणायला नको. कॅरोलिन तुमच्याबरोबर येईल. तिला तिथे सगळे ओळखतात. कॅम्पचे इनचार्ज हाशिम म्हणून बहरीनी गृहस्थ आहेत, त्यांनी मेसचा हॉल अकरा वाजेपर्यंत द्यायचं कबूल केलं आहे. पुढे नमाजाची वेळ होते.

भाषण छोटं ठेवा. परिपत्रक वाचून दाखवू नका.

अरुणा


कुवेत, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू विचारलंस, काय झालं, आणि मी म्हटलं, बरं झालं. निधी आणि जावयांसमोर एवढंच बोलता आलं. आता सगळं लिहितो.

मेसमध्ये दीडशे तरी माणसं होती. मला वाटलं होतं तीस-चाळीस येतील. सुट्टीचा एकच दिवस, कपडे धुवायचे, घरी फोन करायचे, तरी आले. मी परिपत्रक वाचलं नाही. वेल्डरचं सांगितलं, जयेशचं सांगितलं, निधी कशासाठी ते सांगितलं. मग म्हणालो, ‘पट्टी लावायची की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे.’

पहिला उठला तो रंगकाम करणारा एक तरुण, परभणीकडचा. म्हणाला, ‘साहेब, माझा पगार एकशे दहा. घरी ऐंशी पाठवतो. मी दोन दिनार का द्यावे? मी काही मरत नाही एवढ्यात.’ काही जण हसले. मी त्याला समजवायला लागलो, पण तो मान हलवत होता. शेवटी मी म्हणालो, ‘तुम्हाला पटत नसेल तर विरोधात मत टाका. तो तुमचा हक्क आहे.’ अरुणा, माझ्याविरुद्ध मत दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. बोलून गेल्यावर वाटलं तेवढं ते अवघड नव्हतं.

मग तुझे गनीभाई उभे राहिले. उंच माणूस, दाढी पांढरी, आवाज शांत.

‘साहेब, फॅमिलीवाल्यांना सहा न् आमाला दोन. ह्ये कुनी ठरवलं?’

‘परिषदेने. म्हणजे मीच. तुमचा पगार कमी म्हणून.’

‘मेहरबानी. पन इथं मरतो कोन जास्ती? आमीच. म्हंजे त्यांच्या पैशावर आमी पेटीत बसून घरी जायाचं. चार वर्सांनी त्येच बोलतील, एवढं देतो तुमाला, आता गप ऱ्हावा.’ ते थांबले, मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. ‘तीन घ्या आमच्याकडून. दोन नको. पन मग हिशोब बघायला आमचा मानूस बसवा, न् त्याच्या सहीबिगर पैसा हलता कामा नये.’

मी म्हणालो, ‘तीन परवडतील सगळ्यांना?’

‘सगळ्यांना नाय परवडनार. ते मतात कळंल की. तुमी कशाला आधीच ठरवता?’

मी पेन काढलं. तिथल्या तिथे कागदावर लिहिलं: मतपत्रिकेवर दोन दिनारही असतील आणि तीनही, आणि निधीच्या समितीत कॅम्पवरच्या सभासदांची एक जागा, सहीच्या अधिकारासह.

हाशिम दाराशी उभे होते. मराठी कळत नव्हतं पण बघत होते. त्यांनी कॅरोलिनला विचारलं, ही माणसं एवढी कशावर बोलताहेत? ती म्हणाली, टॅक्सवर. ते म्हणाले, ‘टॅक्स? आणि शुक्रवारी आपण होऊन आले?’ मग घड्याळ दाखवून म्हणाले, ‘यल्ला, चला, अकरा वाजले, खलास.’ पण हसत होते.

निघताना पाहिलं, कॅरोलिनभोवती पंधरा-वीस जण जमले होते. कुणाचा इन्शुरन्सचा कागद, कुणाचं पासपोर्टचं. ती उभ्या उभ्या एकेकाला सांगत होती. माझ्याभोवती दोघे होते, तेही चहा विचारायला आलेले. मी बघून ठेवलं.

मामा


झिंज, २ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

निकाल तुमच्याकडे आमच्या आधी आला असणार, तरी मीच लिहायला हवं.

पाच हजार नऊशे बारा मतं पडली. पट्टीच्या बाजूने चार हजार तीनशे ऐंशी. सहापैकी पाच देशांत बहुमत. ओमानने नाही म्हटलं, पण त्यांच्या मंडळाचा मेल आलाय: आम्ही हरलो, पण आमची मतं मोजली गेली, म्हणून भरू. कॅम्पवरच्यांची पट्टी दोन नाही, तीन. तेही त्यांच्याच मतांनी. तुम्ही मागितलं होतं त्यापेक्षा जास्त. लोक स्वतःवर पट्टी लावून घेतात, मामा. विचारलं तर.

आता दुसरं. कॅरोलिनला बत्तीसशे बहात्तर, तुम्हाला सव्वीसशे चाळीस.

तिने अर्ज स्वतः भरला नव्हता, हे तुम्हाला माहीत असेल. सलमाबादच्या माणसांनी तिचं नाव दिलं आणि ती दोन दिवस नको नको म्हणत होती. काल तिच्याकडे गेले तर तिने तुमच्याबद्दल एकच विचारलं: धारगळकर सरांना राग आला असेल का?

म्हटलं, ते त्यांनाच विचार. पण तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते. मी तुम्हाला मत दिलं नाही. कॅरोलिनला दिलं. खूप विचार केला. परिषद उभी केलीत तुम्ही, हे मतदान घेतलंत तुम्ही, त्यासाठी स्वतःची खुर्ची पणाला लावलीत. तुमच्या जागी दुसरं कुणी ते केलं नसतं. तरी निधी चालवायला ती जास्त योग्य आहे असं मला वाटलं, आणि मत कृतज्ञतेने द्यायचं नसतं, असं मीच तुम्हाला चार महिने लिहीत होते.

तुम्हाला वाईट वाटलं असेल. मलाही वाटतंय. पण पुन्हा मत द्यायची वेळ आली तर तेच करीन.

अरुणा


कुवेत, १८ मे २०२५

चि. अरुणास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, पण या वेळी रागाने नाही. सूत्रं सोपवण्यात गेले दोन महिने. कॅरोलिन तीनदा कुवेतला आली. बारा वर्षांच्या फायली मी तिच्यापुढे ठेवल्या. प्रत्येक फाइल उघडून तिने मला प्रश्न विचारले, आणि तिच्याबरोबर गनीभाईही बसले होते, चष्मा लावून, एकेक पान उलटत. एका व्हाउचरवर माझी सही राहिली होती. त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. मी सही केली.

तू कॅरोलिनला मत दिलंस ते मी ओळखलं होतं. फेब्रुवारीत मला विमानतळावर सोडताना गाडीत तू तिच्याबद्दल वीस मिनिटं बोललीस आणि माझ्या भाषणाबद्दल एकदाही विचारलं नाहीस. वाईट वाटलं का? वाटलं. पहिला आठवडा घराबाहेर पडलो नाही. लोक भेटले की ‘अहो, तुमच्यासारख्यांना पाडलं’ म्हणायचे, ते जास्त लागायचं. मग एकदा चिडून मी एकाला म्हणालो, ‘पाडलं कुठे? मोजलं.’ त्यानंतर बरं वाटायला लागलं.

तू खरं सांगितलंस तर मीही सांगतो: मी स्वतःलाच मत दिलं. उगाच मोठेपणा कशाला दाखवू?

निधीतून आतापर्यंत चार माणसं घरी गेली, दोन जिवंत आणि दोन नाही. एकालाही आठ दिवसांवर लागले नाहीत. कुणी मला फोन केला नाही. आधी फोन वाजला नाही की चुकल्यासारखं व्हायचं. आता दुपारी झोप लागते.

परवा शुक्रवारी कुवेतच्या सभासदांची पहिली सभा होती. अपेक्षा नावाची एक मुलगी अध्यक्षस्थानी होती, इथे बँकेत आहे, तिशीची असेल. आमच्या जुन्या लोकांपैकी तिला कुणी ओळखत नाही आणि ती आम्हाला. मी चौथ्या रांगेत बसलो. निधीसाठी मस्कतला एक ऑफिस भाड्याने घ्यायचं आणि दोन पगारी माणसं ठेवायची, असा प्रस्ताव आला. मला पटला नाही. कॅरोलिनचा असला तरी पटला नाही. भाडं जास्त आहे आणि दोन माणसांचं काम नाही. बारा वर्षं मी ते एका टेबलावर केलं आहे.

जुन्या सवयीने मी उठून थेट माइककडे निघालो. अपेक्षा म्हणाली, ‘काका, जागेवरूनच बोला. आधी नाव आणि सभासद क्रमांक सांगा.’

हॉलमधले जुने लोक चपापले. कुणीतरी तिला खालून काही सांगायला लागलं. मी हातानेच त्यांना थांबवलं. क्रमांक मला पाठ नव्हता. खिशातून पावती काढली, चष्मा लावला आणि वाचला.

‘गुरुप्रसाद धारगळकर. दोन हजार सातशे आठ.’

तिने यादीत पाहिलं, खूण केली आणि म्हणाली, ‘विचारा.’

मी विचारलं.

मामा